निवड, नशीब आणि न्याय

पद्माकर शिवलकर यांचे ३ मार्च २०२५ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांच्यावर लिहिल्या गेलेल्या लेखांतून एक शब्द पुन्हा पुन्हा भेटत होता. तो शब्द म्हणजे ‘दुर्दैव’. जून २०२० मध्ये राजिंदर गोयल गेले, तेव्हाही हाच शब्द वापरला गेला. आणि डिसेंबर २०१२ मध्ये भाऊसाहेब निंबाळकर यांनी डोळे मिटले, तेव्हाही श्रद्धांजलीचा सूर निराळा नव्हता. हे तिघेही आपापल्या कलेत पारंगत होते, तिघांचेही पराक्रम क्रिकेटच्या इतिहासात नोंदले गेले आहेत, आणि तिघांपैकी एकालाही भारताकडून अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. याला दुर्दैव म्हणून आपण मोकळे होतो. परंतु पावसाने सामना वाहून गेला तर ते दुर्दैव. चार-पाच जाणत्या माणसांनी एका खोलीत बसून, कागद समोर ठेवून, एक नाव खोडले आणि दुसरे लिहिले, तर त्याला दुर्दैव कसे म्हणावयाचे? तो निर्णय असतो. निर्णयाला कारणे असतात आणि कारणे तपासता येतात. दैवाकडे मात्र कारणे मागता येत नाहीत. निर्णय घेणाऱ्यांना हा शब्द सोयीचा वाटत असेल, तर त्यात नवल नाही.

राष्ट्रीय संघात स्थान मिळणे याला इंग्रजी क्रीडाविश्वात ‘कॅप मिळणे’ असे म्हणतात. हा वाक्प्रचार रूढ झाला तो विलायतेतील फुटबॉल आणि रग्बीच्या मैदानांवर. पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना १८७१ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झाला. १८८६ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने देशासाठी खेळणाऱ्यास टोपी देण्याचे ठरविले. आणि ज्याला अशी टोपी मिळालेली नाही तो ‘अनकॅप्ड’, अशी खेळाडूंची एक निराळी पंगतच पुढे मांडली गेली. मराठीत ‘टोपी घालणे’ याचा अर्थ फसविणे असा होतो, हा केवळ योगायोग. मात्र टोपीच्या आशेवर पंधरा-वीस वर्षे घालविलेल्या खेळाडूला या योगायोगाची गंमत वाटेलच, असे नाही.

या पंगतीत आपल्याकडे कोण कोण बसले आहे ते पाहावे. शिवलकर यांनी १२४ प्रथम दर्जाच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले. एका बळीमागे त्यांनी सरासरी वीस धावाही दिल्या नाहीत. मुंबईने १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे रणजी करंडक जिंकला. त्या मालिकेतील शेवटच्या, म्हणजे १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात मद्रासच्या चेपॉक मैदानावर त्यांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ असे तेरा बळी घेऊन तमिळनाडूला ८० आणि ६१ धावांत गुंडाळले. गोयल यांचा हिशेब याहूनही मोठा. १५७ सामन्यांत ७५० बळी. त्यांपैकी ६३७ एकट्या रणजी करंडकातले, आणि तो आजही विक्रम आहे. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज, आणि दोघांच्याही वाट्याला तोच काळ आला, ज्या काळात बिशनसिंग बेदी नावाचा जगातला एक श्रेष्ठ डावखुरा फिरकी गोलंदाज भारताकडून खेळत होता. बेदींनी १९६६ ते १९७९ या काळात ६७ कसोटींत २६६ बळी घेतले. त्यांच्याजागी दुसऱ्याला घ्यावयास हवे होते, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. स्वतः शिवलकर आणि गोयल यांनीही तसे कधी म्हटले नाही.

येथपर्यंत दैवाचा मुद्दा ठीक आहे. परंतु एरापल्ली प्रसन्ना आणि श्रीनिवास वेंकटराघवन हे दोघेही उजव्या हाताने ऑफस्पिन टाकणारे गोलंदाज याच काळात एकाच कसोटी संघातून खेळले आहेत. दोन ऑफस्पिनर एकत्र चालत असतील, तर दोन डावखुरे एकत्र का चालू नयेत, या प्रश्नाचे उत्तर कोणी दिल्याचे आढळत नाही. नोव्हेंबर १९७४ मध्ये तर बेदींचीही आडकाठी उरली नव्हती. वेस्ट इंडिजविरुद्धच्या बंगलोर कसोटीसाठी शिस्तीच्या कारणावरून बेदींना वगळण्यात आले आणि गोयल यांची संघात निवड झाली. सामन्याच्या दिवशी मात्र जे अकरा खेळाडू मैदानात उतरले, त्यांत प्रसन्ना, वेंकटराघवन आणि चंद्रशेखर होते, गोयल नव्हते. भारत तो सामना २६७ धावांनी हरला. गोयल खेळले असते तर निकाल फिरला असता, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. पण पुढच्या कसोटीत बेदी परतले, आणि गोयल यांच्यासाठी किलकिले झालेले दार पुन्हा कधी उघडले नाही, हेही विसरू नये. पुढे सप्टेंबर १९७९ मध्ये दिलीप दोशी या आणखी एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला वयाच्या एकतिसाव्या वर्षी संधी मिळाली आणि त्यांनी ३३ कसोटींत ११४ बळी घेतले. वय वाढले म्हणून गुण ओसरतात, ही सबब किती पोकळ असते याचा हा पुरावा. मात्र तोवर गोयल सदतिशीच्या उंबरठ्यावर आणि शिवलकर एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचले होते.

निंबाळकरांची गोष्ट आणखी निराळी. त्यांच्या वाटेत बेदींसारखा कोणी एकच थोर प्रतिस्पर्धी आडवा उभा नव्हता. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांच्या ४५२ धावांच्या तत्कालीन जागतिक विक्रमापासून ते अवघ्या नऊ धावा दूर होते. अशा वेळी काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला आणि तो विक्रम मोडावयाचा राहून गेला. ही कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. त्याच हंगामात वेस्ट इंडिजचा संघ भारतात पाच कसोटी खेळत होता. निंबाळकरांच्या त्या खेळीनंतर त्यांपैकी तीन कसोटी व्हावयाच्या होत्या. त्या तिन्हींत निंबाळकरांना स्थान मिळाले नाही, आणि पुढेही कधी मिळाले नाही. काठियावाडच्या कर्णधाराने त्यांना नऊ धावांपासून वंचित ठेवले म्हणून आपण आजही हळहळतो. ज्यांनी त्यांना संपूर्ण कसोटी कारकिर्दीपासून वंचित ठेवले, त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नसतात. मैदानावर घडणारा अन्याय डोळ्यांना दिसतो. बैठकीच्या खोलीत घडणारा दिसत नाही. एवढाच काय तो फरक.

यावर निवड समितीच्या बाजूने जे म्हणता येईल ते मोकळ्या मनाने ऐकले पाहिजे. संघात जागा अकरा, इच्छुक शेकडो. कोणालाही निवडले तरी कोणी तरी वगळला जाणारच. रणजी करंडकातील सगळ्याच धावा एका तोलाच्या नसतात. निर्जीव खेळपट्टीवर दुबळ्या गोलंदाजीविरुद्ध काढलेले द्विशतक आणि ओलसर खेळपट्टीवर काढलेली साठ धावांची खेळी यांत साठ धावा श्रेष्ठ ठरू शकतात. आकड्यांवरूनच संघ निवडावयाचा असेल तर निवड समिती कशाला हवी? एक हिशेबनीस पुरेल. पारख ही आकड्यांच्या पलीकडची गोष्ट आहे, आणि ती करण्यासाठीच जाणत्या माणसांना तेथे बसविलेले असते. हे सारे मान्य. अमोल मुझुमदार यांनी १९९३-९४ च्या हंगामात प्रथम दर्जाच्या पहिल्याच सामन्यात हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या आणि पुढे कारकिर्दीत अकरा हजारांहून अधिक धावांचा डोंगर रचला. पण त्या काळी भारताच्या मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण होते. त्यांपैकी कोणाला वगळावयाचे, हे सांगणे मुझुमदारांच्या कट्टर चाहत्यालाही अवघड जाईल.

मात्र पारखीचा हा अधिकार मान्य केला म्हणजे जबाबदारीही मान्य करावी लागते. निवड हे जर कौशल्य असेल, तर तिच्यातील यशाचे श्रेय निवडणाऱ्यांना आणि अपयशाचे खापर दैवावर, अशी वाटणी करता येणार नाही. आपल्याच इतिहासात याचे उज्ज्वल उदाहरण आहे. विजय मर्चंट अध्यक्ष असताना निवड समितीने १९६९ मध्ये विश्वनाथ आणि एकनाथ सोलकर या तरुणांना कसोटी संघात आणले. मैदानाची देखभाल करणाऱ्या माळ्याचा मुलगा असलेला सोलकर पुढे जगातला एक श्रेष्ठ क्षेत्ररक्षक ठरला, आणि विश्वनाथने पहिल्याच कसोटीत, पहिल्या डावात शून्यावर बाद झाल्यावर दुसऱ्या डावात १३७ धावा काढल्या. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी याच समितीने एकवीस वर्षांच्या सुनील गावसकर यांना निवडले. तोवर एकही कसोटी न खेळलेल्या त्या मुलाने चार सामन्यांत ७७४ धावा केल्या. ते दैव नव्हते. ती दृष्टी होती. दृष्टीला श्रेय द्यावयाचे असेल, तर दृष्टिदोषालाही त्याच्या नावाने हाक मारली पाहिजे.

योगायोग असा की, त्याच १९७१ साली रग्बीच्या जगातही अशीच एक निवड गाजली. ब्रिटन आणि आयर्लंडच्या उत्तमोत्तम खेळाडूंचा ‘लायन्स’ संघ न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला, त्यात डेरेक क्विनेल हा वेल्सचा खेळाडू होता. वेल्सचा संघ त्या काळी इतका बलाढ्य होता की, स्वतःच्या देशाकडून खेळण्याची संधी क्विनेलला तोवर मिळालीच नव्हती. तरीही प्रशिक्षक कार्विन जेम्स यांनी वेलिंग्टनच्या तिसऱ्या कसोटीत त्याला उतरविले आणि न्यूझीलंडच्या सिड गोइंग या चपळ खेळाडूला जखडून ठेवण्याचे नेमके काम त्याच्यावर सोपविले. लायन्सनी तो सामना १३-३ असा जिंकला, पुढे मालिकाही जिंकली, आणि वेल्सने क्विनेलला टोपी दिली ती त्यानंतर, १९७२ मध्ये. टोपी आहे की नाही हे न पाहता, काम कोणते आणि ते करू शकणारा माणूस कोण, एवढाच विचार जेम्स यांनी केला. चेपॉकवर तेरा बळी घेणाऱ्या गोलंदाजासाठी तेवढ्याच काळात असा विचार आपल्याकडे झाला असता, तर? गावसकरांनी ‘आयडॉल्स’ या आपल्या पुस्तकात कसोटी न खेळलेल्या शिवलकर आणि गोयल यांना स्थान दिले आणि कर्णधार असताना शिवलकरांसाठी निवड समितीचे मन वळविता आले नाही, याची खंत त्यांनी पुढेही बोलून दाखविली. समोरून खेळलेल्या माणसाची ही साक्ष आहे.

हा सारा गतकाळाचा पाढा वाचण्याचे कारण, प्रश्न गतकाळापुरता उरलेला नाही. मुंबईच्या सर्फराझ खान यांनी रणजी करंडकात २०१९-२० मध्ये ९२८ आणि २०२१-२२ मध्ये ९८२ धावा केल्या. तरी त्यांना कसोटीसाठी फेब्रुवारी २०२४ पर्यंत थांबावे लागले. मधल्या काळात त्यांच्या धावांपेक्षा त्यांच्या देहयष्टीची चर्चाच अधिक झाली. राजकोटला पहिल्याच कसोटीत त्यांनी दोन्ही डावांत अर्धशतके काढली, त्याच वर्षी बंगळुरूत न्यूझीलंडविरुद्ध १५० धावा केल्या. आणि २०२५ च्या इंग्लंड दौऱ्याच्या संघात त्यांचे नाव नव्हते. त्या दौऱ्यावर गेलेले बंगालचे सलामीवीर अभिमन्यू ईश्वरन शंभराहून अधिक प्रथम दर्जाचे सामने खेळलेले. पाच कसोटी झाल्या, पण त्यांना एकीतही उतरविण्यात आले नाही, आणि त्यानंतर मायदेशी झालेल्या वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेसाठी त्यांना निवडलेही गेले नाही. जो खेळलाच नाही, तो कोणत्या परीक्षेत नापास झाला? रणजी करंडकात सहा हजार धावा आणि चारशे बळी असा दुहेरी पल्ला जलज सक्सेना यांनी २०२४ मध्ये गाठला. त्यांच्याआधी तो कोणीही गाठला नव्हता. त्यांच्याही वाट्याला तोवर भारताची टोपी आली नव्हती. या प्रत्येक निर्णयामागे सबळ कारण असूही शकेल. पण ते खेळाडूला कळत नाही आणि लोकांनाही कळत नाही. न सांगितलेले कारण आणि नसलेले कारण यांत बाहेरच्या माणसाने भेद करावा तरी कसा?

दरम्यान ‘अनकॅप्ड’ या शब्दाला बाजारात मात्र भाव आला आहे. आयपीएलच्या लिलावात ही एक स्वतंत्र वर्गवारी आहे. तिला निराळी मूळ किंमत आणि निराळे नियम आहेत. पाच वर्षे आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या भारतीय खेळाडूलाही २०२४ मध्ये याच वर्गात घालण्याचे ठरले, आणि दोन विश्वचषक जिंकून देणारे महेंद्रसिंग धोनी चार कोटी रुपयांना ‘अनकॅप्ड’ म्हणून संघात राहिले. शब्दाची याहून मोठी थट्टा ती कोणती? ज्यांना तो शब्द खऱ्या अर्थाने लागू पडतो, त्या रणजी खेळाडूंचे मानधन २०२१ मध्ये वाढविण्यात आले, हे चांगलेच झाले. चाळीसहून अधिक सामने खेळलेल्याला दिवसाला साठ हजार, म्हणजे चार दिवसांच्या सामन्याला दोन लाख चाळीस हजार रुपये मिळू लागले. पण एका कसोटीचे मानधन पंधरा लाख आहे. याचा अर्थ असा की, अकरा आणि बारा यांमधील रेषा ही केवळ मानाची रेषा नाही. ती आयुष्याच्या कमाईची रेषा आहे. एवढी मोठी रेषा आखणाऱ्या हातांनी ती का आखली, हे सांगण्याचे सौजन्य दाखवावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

करावयाचे काय? उपाय फार अवघड नाहीत. हंगाम सुरू होण्यापूर्वी निवड समितीने आपले निकष जाहीर करावेत: कोणत्या जागा रिकाम्या होऊ घातल्या आहेत, तंदुरुस्तीची कसोटी कोणती, रणजीतील कामगिरीला वजन किती आणि आयपीएलमधील कामगिरीला किती. धावा काढून झाल्यावर निकष बदलू नयेत. दाराशी येऊन थांबलेल्या खेळाडूला नाकारल्यास त्याला समक्ष बोलावून कारण सांगावे. वर्तमानपत्रातून आपले नाव शोधावयास लावू नये. तिसरा उपाय रग्बीकडून घेण्यासारखा आहे. १८९० मध्ये स्थापन झालेला ‘बार्बेरियन्स’ हा निमंत्रितांचा प्रसिद्ध संघ मैदानात उतरताना त्यात देशाची टोपी न मिळालेला निदान एक खेळाडू असावा, अशी परंपरा आहे. आपल्याकडे रणजी विजेत्यांविरुद्ध इराणी करंडकासाठी शेष भारताचा संघ उतरतो. परदेशी ‘अ’ संघांचे दौरे होतात. या संघांत हंगामातील सर्वोत्कृष्ट अशा टोपी न मिळालेल्या फलंदाजाला आणि गोलंदाजाला नियमानेच जागा द्यावी. तेथे तो कमी पडला, तर निदान त्याची परीक्षा तरी झालेली असेल.

हे करण्यास आजच्याइतकी अनुकूल वेळ पूर्वी क्वचितच आली असेल. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये नऊ हजारांहून अधिक धावा करूनही भारताकडून कधीच न खेळलेले मिथुन मन्हास यांची सप्टेंबर २०२५ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाच्या अध्यक्षपदी निवड झाली. त्यानंतर काही आठवड्यांतच, २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. त्यांचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. उंबरठ्याबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे या दोघांना पुस्तकात वाचून समजून घ्यावे लागणार नाही.

कोणी म्हणेल की, देशापुढे एवढे प्रश्न असताना अकराव्या खेळाडूच्या निवडीवर इतका खल कशासाठी? पण पदोन्नतीच्या यादीत नाव का नाही हे ज्या कारकुनाला कधीच कळत नाही, मुलाखत उत्तम होऊनही नेमणूक दुसऱ्याचीच का झाली हे ज्या शिक्षकाला कोणी सांगत नाही, त्याला हा खल परका वाटणार नाही. क्रिकेटची निवड ही या देशात सर्वांत अधिक डोळ्यांदेखत होणारी निवड आहे. तिच्यातच जर कारण सांगण्याची प्रथा नसेल, तर बंद दाराआडच्या इतर निवडींकडून ती कशी अपेक्षावी? शिवलकर आणि गोयल यांना मंडळाने सी. के. नायुडू जीवनगौरव पुरस्कार दिला. त्याच नावाचा पुरस्कार निंबाळकरांनाही मिळाला होता. उतारवयातील हा गौरव स्वागतार्हच आहे. पण गौरव हे उत्तर नव्हे. निंबाळकरांच्या बाबतीत १९४८ पासून आणि गोयल यांच्या बाबतीत १९७४ पासून जे उत्तर येणे आहे, ते आता त्यांना देता येणार नाही. आज मैदानावर घाम गाळणाऱ्यांना ते वेळेवर देणे अजून आपल्या हाती आहे.